कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं

ताई, नमस्कार.

वय 28, गाव अंबाजोगाईकडचं. चार वर्षं पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करतोय. यंदा मेन्स निघाली, मुलाखत तोंडावर आहे. अभ्यास कमी पडत नाही, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते. मेसला मी पावणेतीनला जातो, गर्दी ओसरल्यावर. अभ्यासिकेत कुणी मागं येऊन उभं राहिलं तर लिहिणं थांबतं. परवाच्या मॉकला घामानं शर्ट पाठीला चिकटला आणि ‘आपल्या जिल्ह्याविषयी सांगा’ एवढ्याशा प्रश्नाला मी दोन वाक्यांत संपलो.

यावर बरंच करून पाहिलं. एका भाषणाच्या व्हिडिओत सांगितलं होतं तसं मॉकआधी बाथरूममध्ये कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभा राहिलो. ‘लक्ष वळवायचं प्रशिक्षण’ देणारं ॲप विकत घेतलं, महिनाभर चेहऱ्यांवर बोटं दाबत बसलो. मग एका समुपदेशक मॅडमकडे जाऊ लागलो, पाच सेशन्स झाली. मानसोपचारतज्ज्ञांनी पॅरॉक्सेटिन नावाची गोळी लिहून दिली, ती ड्रॉवरमध्येच पडून आहे. कारण मध्यंतरी वाचलं की मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले तर त्यातले 36 टक्केच टिकले. तेव्हापासून रोज रात्री दोन-दोन वाजेपर्यंत शोधनिबंध वाचतोय. रूममेट म्हणतो, सगळं थोतांड आहे, रोज सूर्यनमस्कार घाल. यातलं खरं किती धरायचं? सेशन्स चालू ठेवू की पैसे वाचवू?

– अ., पुणे

*

प्रिय अ.,

तू माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करते. मेन्स निघाल्याबद्दल आधी अभिनंदन. पत्रात तू ते एका ओळीत उरकलंस, घामाला मात्र चांगलं लांबलचक वाक्य दिलंस.

तू केलेल्या उपायांचा क्रम बघून मला हसू आलं, रागावू नकोस. ज्याचा पुरावा सगळ्यात कच्चा ते तू आधी केलंस आणि ज्याचा त्यातल्या त्यात पक्का ते शेवटी, तेही अर्ध्यावर आणून सोडायच्या बेतात आहेस. यात तुझा दोष नाही. दोन मिनिटांत गुण देणाऱ्या उपायाचा व्हिडिओ होतो, चार महिने घाम गाळायला लावणाऱ्याचा होत नाही.

तुझ्या 36 टक्क्यांपासून सुरुवात करू. आकडा खरा आहे. 2015 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तो अहवाल आला. मानसशास्त्राच्या तीन नामांकित जर्नलांत 2008 साली छापलेल्या अभ्यासांतले शंभर अभ्यास अडीचशेहून जास्त संशोधकांनी मिळून पुन्हा करून पाहिले. मुळात त्यातले 97 टक्के ‘परिणाम दिसला’ असं सांगत होते, दुसऱ्या खेपेला तो 36 टक्क्यांतच दिसला. नामुष्कीच ती, सारवासारव करण्यात अर्थ नाही. पण ते अभ्यास कसले होते तेही बघ. बहुतेक प्रयोगशाळेतले, छोटेखानी, पुष्कळदा कॉलेजच्या मुलांवरचे. सोशल अँग्झायटीच्या, म्हणजे चारचौघांत वावरण्या-बोलण्याच्या अतोनात भीतीच्या, रुग्णांना तीन-चार महिने उपचार देऊन पाहिलेल्या चाचण्या त्यात नव्हत्याच. कापसाचा भाव पडला म्हणून सोयाबीन कुणी फुकट वाटत नाही, हे तुला मी सांगायला नको. त्या 36 टक्क्यांनी तुझ्या मॅडमच्या फीचा हिशेब करता येणार नाही.

कमरेवर हात ठेवण्याचं मात्र त्याच गठ्ठ्यात टाक. मूळ अभ्यास 2010 चा, माणसं 42. अंग पसरून ऐटीत बसल्या-उभं राहिल्यानं शरीरातलं टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन वाढतं, ताणाचं हार्मोन कॉर्टिसोल कमी होतं आणि माणूस जोखीम घ्यायला धजावतो, असा दावा. 2012 साली त्यावरचं, त्या अभ्यासातल्याच एक संशोधक एमी कडी यांचं भाषण जगभर गाजलं. 2015 मध्ये एव्हा रानेहिल आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग 200 माणसांवर केला. हार्मोन्स जागचे हलले नाहीत, जोखमीतही फरक पडला नाही. तसं उभं राहिलेल्यांना आपण जरा दमदार आहोत असं वाटलं, तेवढंच उरलं. आणि 2016 मध्ये मूळ शोधनिबंधावर जिचं नाव पहिलं होतं त्या डेना कार्नी यांनी जाहीरपणे लिहिलं की, हा परिणाम खरा आहे असं मला आता वाटत नाही. स्वतःच्या गाजलेल्या कामाबद्दल असं लिहायला काय लागतं ते तू समजू शकशील. चारचौघांत चुकलो म्हणायचं, तेही जगातल्या चारचौघांत.

तुझ्या ॲपची गोष्ट जास्त बोधप्रद आहे, कारण ती थेट तुझ्या दुखण्यावरची आहे. पडद्यावर दोन चेहरे येतात, एक साधा, एक नाक मुरडलेला. अर्ध्या सेकंदात दोन्ही जातात आणि एकाच्या जागी खूण उमटते, ती दिसली की बटण दाबायचं. कल्पना अशी की बुजऱ्या माणसाची नजर नाक मुरडलेल्या चेहऱ्यावर खिळते. मग खूण सतत साध्या चेहऱ्याच्याच जागी आणायची, म्हणजे नजरेला हळूहळू तिकडं वळायची सवय लागेल. 2009 साली अमेरिकेत 36 रुग्णांवर हे केलं. चार आठवडे, आठ बैठका. प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी 72 टक्के लोक शेवटी निदानाच्या कसोटीत बसेनासे झाले. खोटंच प्रशिक्षण मिळालेल्यांत हेच प्रमाण 11 टक्के. बटण दाबून चार आठवड्यांत आजार गायब! तुझ्या ॲपच्या जाहिरातीत हाच आकडा असणार, पैज लावते.

आता त्या टक्क्यांमागची माणसं मोज. 36 चे दोन गट म्हणजे दीड-दीड डझन. एवढ्याशा गटात दोन माणसं इकडची तिकडं झाली की टक्का अकरानं सरकतो. बरं, ते 36 जण कुठून आले, दर बैठकीला प्रयोगशाळेपर्यंत प्रवास करून अनोळखी लोकांशी बोलत होते त्याचाच गुण आला की काय, हे प्रश्न उरतातच. 2012 मध्ये स्वीडनमध्ये 79 जणांना तेच प्रशिक्षण घरबसल्या इंटरनेटवरून दिलं. खरं आणि खोटं प्रशिक्षण, दोन्ही गटांत काही फरक दिसेना. पुढच्या वर्षी 129 जणांवर झालेल्या चाचणीत तर गंमतच झाली, नजर नकारात्मक गोष्टींकडं वळवायला शिकवलेला गट सरस ठरला. म्हणजे औषध उलटं पाजलं तेव्हा गुण आला! शिवाय ज्या बटण-चाचणीनं ही नजरेची ओढ मोजतात ती चाचणीच भरवशाची नाही, हे 2005 मध्येच दाखवून झालं होतं. तोच माणूस, आज मोजलं तर एक आकडा आणि काही दिवसांनी दुसराच. स्प्रिंग गेलेल्या ताणकाट्यावर वांगी जोखल्यासारखं.

तू विचारशील, मग ही माणसं खोटं बोलतात का? नाही रे. निदान बहुतेक जण नाही. कसं होतं ते मी माझ्यावरूनच सांगते.

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या मुलींकडून बुजरेपणाची प्रश्नावली भरून घेतली होती. साठ फॉर्म. लाजाळू मुलींना मार्क कमी पडतात, असं मला दाखवायचं होतं. आकडे मांडले तर संबंध निघेना. मग मी फॉर्म पुन्हा चाळायला घेतले. एकीनं सगळीकडं एकच खूण केलेली, काढून टाकला. एक मुलगी बाकीच्यांपेक्षा चार वर्षांनी मोठी, तिचाही काढला. एकीचा घाईत भरलेला वाटला. असे सात फॉर्म गेले आणि संबंध ‘निघाला’. प्रत्येक फॉर्म काढायला माझ्याकडं पटण्यासारखं कारण होतं. पण उत्तर मनासारखं आलं असतं तर मी ते कारण शोधायला गेलेच नसते. प्रबंधात सात फॉर्मचा उल्लेख नाही. मला पहिला वर्ग मिळाला. आपण लबाडी केली हे कळायला मला पुढं दहाएक वर्षं लागली, आणि तोवर मी ते निष्कर्ष दोन-तीन व्याख्यानांत ठोकून सांगूनही झाले होते.

हे असं जगभर होतं. छोटा नमुना, लवचीक हिशेब, मनासारखं आलं की थांबायचं, नाही आलं की ड्रॉवर. तुझी पॅरॉक्सेटिन जिथं आहे तिथंच जगातली निम्मी निराशाजनक संशोधनं पडलेली असतील.

पॅरॉक्सेटिनचंच घे. अमेरिकेत 1999 साली सोशल अँग्झायटीसाठी मान्यता मिळालेलं हे पहिलं औषध. त्या वेळी ‘कल्पना करा, तुम्हाला माणसांचीच ॲलर्जी आहे’ अशा अर्थाची जाहिरात मोहीम तिकडं झाली. काल-परवापर्यंत जे भिडस्त म्हणून ओळखले जात त्यांना बसस्टॉपवरच्या पोस्टरनं कळलं की आपण आजारी आहोत. आजार खरा आहे, पण त्याला एवढा मोठा आवाज कुणी आणि का दिला, हेही ध्यानात असावं. 2015 मध्ये काही संशोधकांनी अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या दप्तरातल्या चाचण्या आणि छापून आलेले शोधनिबंध शेजारी ठेवून ताडून पाहिले. सोशल अँग्झायटीसह सगळ्या चिंताविकारांवरच्या नव्या पिढीच्या औषधांच्या या 57 चाचण्या. प्रशासनाच्या मते त्यातल्या 41 यशस्वी, म्हणजे 72 टक्के. छापलेले लेख वाचले तर 96 टक्के यशस्वी! दप्तरात 72, दुकानात 96. तरीही ऐक, फुगवटा वजा केल्यावरसुद्धा ही औषधं नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली. फुगवटा काढला म्हणून आतली चपाती नाहीशी होत नाही, आकार लहान होतो एवढंच.

गोळी घ्यायची की नाही ते मी सांगणार नाही, तो माझा प्रांत नाही. पण ड्रॉवरमध्ये ठेवून डॉक्टरांना न सांगणं हा तिसरा आणि सगळ्यात वाईट पर्याय तू निवडला आहेस. जाऊन सांग, घेतली नाही, ही शंका आहे. गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला त्रास होऊ शकतो, आणि सुरू केली तर मनानं एकदम बंद करायची नसते, ही गोळी अचानक सोडली की चक्कर, अस्वस्थता असले त्रास होतात. मुलाखतीची तारीखही त्यांना सांग. पॅनेलसमोर बसायच्या आठवड्यात पहिली गोळी घ्यायचा वेडेपणा नको.

एक गोष्ट मला या क्षेत्रातली फार आवडते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. डी-सायक्लोसेरिन नावाचं क्षयरोगावरचं जुनं औषध आहे. भीतीला सामोरं जाण्याच्या सेशनआधी तासभर त्याचा छोटा डोस दिला तर मेंदू ‘काही बिघडलं नाही’ हा धडा पटकन शिकतो, असा तर्क. बोस्टनमध्ये स्टेफान हॉफमन यांनी 2006 मध्ये 27 रुग्णांवर करून पाहिलं, निकाल झकास. दुसरा कुणी असता तर त्या 27 जणांवर जन्मभर व्याख्यानं देत फिरला असता. (मी साठ वजा सातवर दिलीच की.) याच माणसानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुढं 169 रुग्णांवर मोठी चाचणी केली आणि 2013 मध्ये छापलं: गुण काहीसा लवकर येतो, पण शेवटी औषधाचा गट आणि साखरेच्या गोळीचा गट जवळपास एकाच ठिकाणी येऊन थांबतात. तुझा रूममेट याला थोतांड म्हणेल. मी म्हणेन, थोतांडवाले आपलाच दावा असा तपासायला जात नाहीत. कुणी भोंदूबाबा 169 जणांतल्या निम्म्यांना आपला अंगारा, उरलेल्यांना चुलीतली राख देऊन, कुणाचं काय झालं ते छापताना पाहिलायस?

आणि त्या 169 जणांच्या चाचणीत आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. दोन्ही गटांतले बरेच लोक सुधारले. कारण दोन्ही गटांना मुळात सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी ही बोलण्या-करण्यातून चालणारी उपचारपद्धत, मिळत होती. भीती वाटते तिथं जायचं, तिथं गेल्यावर लपायच्या युक्त्या सोडायच्या आणि खरंच काय होतं ते बघायचं. एवढंच. व्हिडिओ होण्यासारखं त्यात काही नाही.

याच कंटाळवाण्या गोष्टीचा पुरावा टिकलाय. 2014 मध्ये ‘लॅन्सेट सायकायट्री’त सोशल अँग्झायटीवरच्या 101 चाचण्या एकत्र करून मांडल्या गेल्या, एकूण 13,164 रुग्ण. औषधाविना केलेल्या उपचारांत सगळ्यांत वरचढ ठरली ती एकेकट्या रुग्णाला दिलेली सीबीटी. इथंही डोळे उघडे ठेव. पुष्कळ चाचण्यांत तुलना ‘प्रतीक्षा यादी’तल्या लोकांशी असते, आणि तुमचा नंबर नंतर येईल असं सांगितलेला माणूस स्वतःहून काही करत नाही, वाट बघत बसतो. त्याच्याशेजारी कुणीही उठून दिसेल. म्हणून मला जर्मनीतली 2013 ची चाचणी जास्त प्रामाणिक वाटते: 495 रुग्ण, सीबीटी, मनोविश्लेषणाच्या अंगानं जाणारी दुसरी उपचारपद्धत आणि प्रतीक्षा यादी. चांगला फरक पडलेले अनुक्रमे 60, 52 आणि 15 टक्के. आजारच राहिला नाही असे 36, 26 आणि 9 टक्के. नीट वाच. उत्तमातल्या उत्तम उपचारानंसुद्धा दहातल्या चौघांना म्हणावा तसा फरक पडला नाही. पण काहीच न करणाऱ्यांत दहातल्या आठ-नऊ जणांना पडला नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर या दोन वाक्यांच्या मधे कुठंतरी आहे. ‘36 टक्केच खरं’ आणि ‘72 टक्के चार आठवड्यांत बरे’ या दोन्ही टोकांपासून ते लांब आहे.

एक शंका तू लिहिली नाहीस, पण ती मला वर्षानुवर्षं छळते. हे सगळं मोजतात कशानं? सगळ्यात चालणारी एक मोजपट्टी म्हणजे लीबोविट्झ यांची, 1987 ची. 24 प्रसंग, प्रत्येकाला भीती किती आणि टाळाटाळ किती असे दोन आकडे, कमाल बेरीज 144. त्यातले प्रसंग बघ: पार्टी देणं, दुकानात वस्तू परत करणं, इतरांबरोबर पिणं, फारशी ओळख नसलेल्याच्या डोळ्यांत बघणं. एका गावात हे प्रश्न मी मराठी करून बायकांना विचारत होते. ‘इतरांबरोबर पिणं’ म्हटल्यावर एक म्हातारी म्हणाली, ‘काय, पाणी?’ आणि डोळ्यांत बघण्याच्या प्रश्नाला एका सुनेनं माझ्याकडंच असं बघितलं की मलाच भीती वाटली. ‘सासऱ्याच्या? कशाला बघू मी?’ टाळाटाळीला तिनं पूर्ण तीन गुण दिले, भीतीला शून्य. आता ही बाई आजारी, की मोजपट्टी?

म्हणून आकड्यांत गोंधळ दिसला की मला नवल वाटत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत आयुष्यात कधीतरी सोशल अँग्झायटी झालेले लोक सुमारे 12 टक्के निघाले. आपल्याकडं बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत सध्या हा त्रास असलेले एक टक्काही भरले नाहीत. ‘आयुष्यात कधीतरी’ आणि ‘सध्या’ यांत फरक पडणारच, पण एवढा? आपण एवढे धीट आहोत? मला तरी तसं दिसत नाही. त्या पाहणीतल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हताच, ती गोष्ट वेगळीच. आपल्याकडं ‘पोरगी गरीब आहे हो, तोंडातून शब्द काढत नाही’ हे स्थळ दाखवताना कौतुकानं सांगतात, तिथं पाहणीवाल्याला कोण सांगणार की हा त्रास आहे?

तेव्हा परदेशी आकडा तुझ्या अंगाला मापानं बसेल असं धरू नकोस. दिशा कळते, माप तुझं तुलाच घ्यावं लागेल. ते कसं घ्यायचं, ते आता सांगते, आणि त्याची युक्ती संशोधकांनी स्वतःसाठी काढलेल्या औषधातच आहे.

ते औषध म्हणजे आधी लिहून ठेवणं. प्रयोग सुरू करण्याआधी आपण काय मोजणार, कसं मोजणार, काय झालं तर ‘जमलं’ म्हणणार हे नोंदवून टाकायचं, म्हणजे मागाहून सात फॉर्म काढता येत नाहीत. आपल्याकडं औषधोपचारांच्या चाचण्यांसाठी अशी नोंदवही 2007 मध्ये सुरू झाली आणि 2009 पासून सक्तीची झाली, कुणीही ती इंटरनेटवर उघडून बघू शकतं. या सवयीनं काय होतं? अमेरिकेच्या हृदयरोग संस्थेनं पैसा पुरवलेल्या मोठ्या चाचण्यांचा हिशेब आहे. 2000 सालाआधीच्या 30 पैकी 17 चाचण्यांत उपचाराचा फायदा दिसला होता. आधी नोंद करायची पद्धत आल्यावर 25 पैकी दोनच. औषधं एका रात्रीत बिघडली नव्हती.

तुझ्या डोक्यात नेमकं हेच चालतं, फक्त उलट बाजूनं. मॉकहून परत येतोस आणि मग निकाल लिहितोस. पॅनेलमधल्या एकानं घड्याळ बघितलं, म्हणजे मी कंटाळवाणा. दुसरी बाई हसली, म्हणजे माझ्यावर. तिसऱ्यानं मान डोलावली तो फॉर्म तू काढून टाकतोस, ‘तो उगाच, सवयीनं’ म्हणून. मी साठातले सात काढले, तू रोज साठातले पन्नास काढतोस.

म्हणून दोनशे पानी वही घे. जायच्या आधी लिही: काय होईल असं वाटतं, किती जणांच्या बाबतीत, आणि ते झालं हे कळणार कशावरून. ‘वाईट होईल’ असं नको, त्याला पकडता येत नाही. ‘मी आत शिरलो की निम्मे लोक मान वर करून बघतील’ असं लिही. मग जा, मोज, आणि आल्यावर शेजारच्या रकान्यात आकडा टाक. खाडाखोड करायची नाही. कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांना एका गायकाचा चेहरा छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं होतं. 2000 सालचा अभ्यास. जवळपास निम्म्यांनी आपला शर्ट बघितला असेल, असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षात सांगता आलं ते जेमतेम चौथाईंना. तू लगेच म्हणशील, ताई, हीसुद्धा अमेरिकी कॉलेजातली पोरं. बरोब्बर. म्हणून तर तुला मेसमध्ये मोजायला सांगतेय.

मोजताना लपायच्या युक्त्या मात्र बाजूला ठेवायच्या, नाहीतर मोजमाप बाद. पावणेतीनला जाणं ही तुझी एक युक्ती. घाम दिसू नये म्हणून तू गडद शर्टच घालत असणार, ग्लास दोन्ही हातांनी धरत असणार, वाक्यं आधी मनात घोळवून मगच तोंड उघडत असणार. हे सगळं केल्यावर काही बिघडलं नाही, तर मन म्हणतं, युक्तीमुळे वाचलो. आणि रात्री दोनपर्यंत शोधनिबंध वाचणं? तो अभ्यास आहे हे मला मान्य, तुझे प्रश्नही रास्त आहेत, पण मॉक आठवड्यावर आली की वाचन वाढतं का, ते तेवढं वहीत बघ.

मॅडमना सोडायचं का? पाच सेशन्स झाली म्हणतोस, पण त्यात काय झालं ते लिहिलं नाहीस. त्यांनी तुला एकदा तरी खुर्चीतून उठवलं का? पुढच्या भेटीआधी करून यायला काही दिलं का, आणि केलंस का हे विचारलं का? सुरुवातीला एक आकडा लिहून घेतला का, ज्याच्याशी पुढं ताडून बघता येईल? हे होत असेल तर मुलाखत होईपर्यंत तरी थांब. नुसतं बालपणाविषयी बोलणं चाललं असेल तर हेच प्रश्न त्यांना विचार. चांगल्या समुपदेशकाला राग येत नाही. आणि हो, हे विचारतानाही घाम येईल, तोही वहीत धर.

रूममेटला सांग, सूर्यनमस्कार चांगलेच, त्यानं पाठ सुधारेल.

आता रविवारचं. तुझ्या मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट असेल, दारापर्यंत रांग, पुरीच्या वासानं कावलेली पोरं, वाढप्याची आरडाओरड. एक वाजता जा. हलक्या आकाशी रंगाचा शर्ट घालून. ताट घेऊन मधल्या टेबलावर बस, भिंतीकडं तोंड करून नाही. एकदा हात वर करून मोठ्यानं श्रीखंड माग. किती माना वळतील तो आकडा निघण्याआधी वहीत लिहून ठेव, आणि परत आल्यावर दोन्ही आकडे मला कळव. श्रीखंड मिळालं की नाही तेही.

– तुझी ताई